आमची पोरं शिधा घेतात

सुट्टी हा शब्द मला आजही आवडत नाही. एप्रिल सरत आला की घरात नातवंडांचे बेत सुरू होतात आणि माझ्या कपाळाला आठी पडते. सून म्हणते, "आई, तुम्हाला लेकरांचा आनंद बघवत नाही का?" बघवतो की. पण जिनं उमेदीची वर्षं बोर्डिंगच्या चुलीपुढं काढली, तिला सुट्टी म्हटलं की आधी विझलेली चूल दिसते, त्याला मी काय करू?

बोर्डिंगच्या स्मरणिकेचा अंक काढणाऱ्या मंडळींनी मला संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला होता. तो मला येत नाही. कोण कधी अध्यक्ष झालं आणि कोनशिला कोणी बसवली, हे सांगणारे घाटंजीत पुष्कळ आहेत. मी स्वयंपाकीण होते. मला पोटाचं विचारा.

घाटंजीला आमच्या समाजाचं बोर्डिंग होतं. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं दोन गोष्टी ठरवल्या: मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि दारोदार भाकर मागायची नाही. पोरं शिकवायची, ही तिसरी गोष्ट त्यांच्या मागोमाग आलीच. खेड्यांत चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून गावोगावची पोरं इथं ठेवायची आणि तालुक्याच्या शाळेत घालायची. पत्र्याची एक लांब खोली, मागं चूल, पुढं कडुनिंब, एवढीच इमारत. दार सगळ्यांना उघडं होतं. त्यामुळं उमरखेडकडची आमची पोरं, तांड्यावरची दोन-तीन आणि झरीच्या जंगलातला कोलामाचा जैतू, असा तीसेक जणांचा गोतावळा जमला होता. माझा नवरा कापसाच्या जिनमध्ये मजुरी करता करता तापानं गेला, तेव्हा मला इथं स्वयंपाकाला ठेवलं. माझा मुलगाही त्याच पंगतीत बसायचा. त्याला मी कधी जास्तीची भाकर वाढली नाही, आणि ते तो अजून मला ऐकवतो.

बाहेरच्यांना वाटतं, बोर्डिंगचा स्वयंपाक म्हणजे घरचाच स्वयंपाक, भांडं तेवढं मोठं. तसं नसतं. घरी तुम्ही भूक भागवता, बोर्डिंगात भूक वाटून द्यावी लागते. वरणात पाणी घालावं लागतं आणि पोरांना ते कळू द्यायचं नसतं. त्यासाठी फोडणीत मिरची जास्त टाकायची. पोरं हाश्शहुश्श करत पाणी पितात आणि पोट भरल्यासारखं वाटतं. ही लबाडी आहे, मला ठाऊक आहे. पण ज्यानं तीस पोरांना शेरभर डाळ कधी पुरवली नाही, त्यानं मला नीती शिकवू नये.

पोरांच्या भुकेचेही प्रकार असतात. भराभर गिळतो तो घरून उपाशी आलेला. अर्धी भाकर सदऱ्याच्या खिशात घालतो त्याला उद्याचा भरवसा नसतो. मी कधी कोणाची वळकटी तपासली नाही. कोणाच्या उशाशी भाकर आहे ते उंदीर सांगायचे. आणि सगळ्यात जपायचं ते "मले भूक नाई" म्हणणाऱ्या पोराला. त्याला सगळ्यात जास्त लागलेली असते.

सरकार या पोरांच्या जेवणासाठी अनुदान द्यायचं, पण शाळा चालू असेल तेवढ्याच महिन्यांचं. शाळा बंद, की अनुदान बंद, की चूल बंद. साहेब लोकांचं म्हणणं असं की सुट्टीत पोरगं घरी जातं आणि घरी जेवण असतं. त्या साहेबांनी मे महिन्यात आमची घरं पाहिली नव्हती. कापूस वेचून झालेला, ज्वारी निघून गेलेली, पेरणीला अवकाश. कोरडवाहू मुलखात त्या दिवसांत मजुराला काम नसतं, आणि काम नाही तर दाणा नाही.

पहिल्या उन्हाळ्यात सांगितलं तसं मी कुलूप लावलं आणि मुलाला घेऊन भावाकडे गेले. शाळा उघडली तशी पोरं परत आली. जैतू सगळ्यांत शेवटी आला. गेला तेव्हा चांगला टणटणीत होता. आला तेव्हा केस तांबूस झालेले, गालफडं बसलेली. मी मायेनं गरम भाकर वाढली, ती त्यानं चार घासांत संपवली आणि बाहेर जाऊन ओकला. तेव्हापासून मी शिकले, सुट्टीवरून आलेल्या पोराला आधी ज्वारीच्या पातळ कण्या द्यायच्या, भाकर मागाहून.

"घरी काय खात होता बे?" मी विचारलं.

"मोहं."

"मंग?"

"मंग टेंभरं. मंग कंद."

"अन् त्याच्या मंग?"

त्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, "मंग शाळा लागली."

या उत्तरानं माझं डोकं फिरलं. पुढच्या उन्हाळ्यात चूल विझवायची नाही, हे मी तिथंच ठरवलं. कोणाला विचारलं नाही. विचारलं की लोक सभा भरवतात.

पुढल्या एप्रिलात आमचे अध्यक्ष चावी न्यायला आले. वकील होते, आमच्याच वस्तीतून शिकून वर आलेले, रणरणत्या उन्हातही कोट घालायचे. मी त्यांना वकीलसाहेब म्हणायची.

"बाई, चावी द्या."

"चावी भेटत नाई. पोरं इथंच राहतीन. ज्यायच्या घरी दाणा हाय थे जातीन, बाकीचे माह्यापाशी."

"अनुदान नाही. नियमात बसत नाही हे."

"नियमाले पोट हाय का, साहेब? पोरायले हाय."

"आणि खायला काय घालाल?"

"थे माह्याकडं लागलं."

वकीलसाहेब उगाच कोटाची गुंडी लावत उभे राहिले. मग म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही," आणि गेले. माणूस भित्रा होता, पण वाईट नव्हता. मी त्या उत्तराला होकार समजले.

आता खायला काय घालायचं? मी वस्तीतल्या बायांना गोळा केलं. सकाळी दळायला बसलात की जात्यात पहिला घास घालायच्या आधी एक मूठ ज्वारी बाजूच्या मडक्यात टाकायची, ती बोर्डिंगची. एका मुठीनं कोणाचं घर बुडत नाही आणि वीस-पंचवीस घरांच्या मुठींनी चूल पेटते. बायांनी ते मनावर घेतलं. एक म्हणाली, "आपन मागनं बंद केलं, आता देनं सुरू करू." पोरं रानातून मोहाची फुलं, टेंभुर्णीची टेंभरं, कैऱ्या आणायची. मुठीचं पीठ, वर अंबाडीची वाळलेली भाजी. मेजवानी नव्हती, पण दोन वेळा धूर निघत होता.

आणि मग माझी फजिती झाली. वस्तीतली लहान लेकरं, ज्यांचं बोर्डिंगशी नातं एवढंच की ती समोर खेळायची, तीही जेवायच्या वेळी थाळी घेऊन ओळीनं येऊन बसायला लागली. त्यांच्याच आयांनी मूठ दिलेली, त्यांना उठवायचं कोणत्या तोंडानं? मी उठवलं नाही. वरणातलं पाणी वाढवलं, मिरचीही वाढवली.

मे अर्धा उलटला आणि मडकी रिकामी येऊ लागली. बायांना काम नव्हतं, घरी जातंच फिरत नव्हतं, मग मूठ कुठून टाकतील? कण्या इतक्या पातळ झाल्या की सुखदेव नावाचं एक वाचाळ पोरगं थाळीत डोकावून म्हणालं, "बाई, माह्यं तोंड दिसून राह्यलं यात." सगळी हसली. मीही हसले, आणि चुलीकडं तोंड करून डोळे पुसले.

त्याच आठवड्यात जिनवाल्या शेठच्या मुलीचं लग्न होतं. गावातलं सर्वांत मोठं लग्न. सनईचा आवाज आणि तुपाचा वास आमच्या कडुनिंबापर्यंत येत होता. दुपार कलली तेव्हा दोन गडी खांद्यावर कावडी घेऊन आले आणि पुढं शेठचे मुनीमजी.

"बाई, भांडे काढा. शेठजीनं पोट्ट्यायसाठी जेवन पाठवलं."

इथं एक रीत सांगायला हवी. पूर्वी अशा लग्नांत शेवटची पंगत उठेपर्यंत आमची माणसं मांडवाबाहेर भांडी घेऊन बसून राहायची. मग उरलंसुरलं, पानांतलं, सगळं एकत्र करून त्यांच्या भांड्यांत पडायचं. दीक्षेनंतर वस्तीतलं कोणीही मांडवाबाहेर बसलं नव्हतं. मुनीमजी मनानं चांगला माणूस. त्याला वाटलं, आता हे लोक येत नाहीत, तर आपणच नेऊन द्यावं. आम्ही येत नाही ते चालायचा कंटाळा आला म्हणून, असंच बिचाऱ्यानं धरलं असावं.

"हे पंगतीच्या आधीचं का नंतरचं?" मी विचारलं.

"आता बाई, वऱ्हाडी जेवल्यावर उरलं थेच. पन तुपातली बुंदी हाय."

पोरं भोवती जमली होती. सुखदेव हळूच म्हणाला, "बाई, बुंदी तं उष्टी नसते ना? थे कढईतूनच येते." जैतू कावडीच्या आणखी जवळ सरकला.

वस्तीतली सगळ्यांत म्हातारी रखमाआजी तिथंच निंबाखाली बसली होती. तिचा नातू आमच्याकडे जेवायचा. ती म्हणाली, "घे वं बाई. जलमभर हेच खाल्लं आम्ही, मेलो का? लेकरायच्या पोटात आग हाय अन् तू मान कायचा पाह्यतं?"

खरं सांगते, माझा हात पातेल्याकडं गेला होता. पातेलं मी उचललंही. मग मुनीमजींनी टोपलीवरचं फडकं काढलं. वरच्याच पुरीला कोणाच्या तरी दातांची खूण होती. अर्धी खाऊन टाकलेली पुरी.

मी पातेलं खाली ठेवलं. "मुनीमजी, परत न्या हे."

"परत? काहून?"

"आमची पोरं दुसऱ्याच्या पानातलं खात नाईत. शेठजीले सांगा, द्याचंच असन तं शिधा द्या."

मुनीमजींच्या हातातलं फडकं खाली पडलं. शिधा म्हणजे कोरडं धान्य: कणीक, डाळ, तांदूळ, गूळ, तूप. ज्याला आपल्या हातचं चालत नाही, पण ज्याला उपाशी ठेवणं घराला शोभत नाही, त्याला शिधा देतात. आपल्याकडे तो कोणाला मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

"बाई, शुद्धीवर हायेस ना? शिधा बामनाले देतात, गोसाव्याले देतात!"

"जो दुसऱ्याच्या हातचं खात नाई त्याले देतात. आमची पोरं नाई खात."

कावडी परत गेल्या. त्या रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत पोरं पाहत राहिली. रखमाआजी नातवाचा हात धरून उठली आणि म्हणाली, "उष्टं बी त्याचंच, शिधा बी त्याचाच. फरक काय पडते वं?"

"उरते थे उष्टं, आजी. आपल्यासाठी आधी काढून ठेवतात थो शिधा."

"पोटाले कुठं कळते थे?" असं म्हणून ती गेली. त्या संध्याकाळी मडक्याच्या तळाची ज्वारी भरडून मी कण्या केल्या, आणि त्या सगळ्यांना पुरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब धापा टाकत आले. शेठ भडकला होता. लग्नघरात सगळ्या वऱ्हाडापुढं मुनीमजीनं निरोप सांगितला होता आणि लोक हसले होते.

"बाई, आपली निम्मी माणसं त्याच्या जिनमध्ये कामाला आहेत. जा आणि माफी मागून या."

"कायची माफी? मागितल्याची का नाकारल्याची?"

"दोन्हीची!"

"मंग तुम्हीच जा, साहेब. तुमाले दोन्ही बाजूनं बोलाची सवय हाय."

ते रागावून गेले नाहीत. निंबाखाली डोकं धरून बसले. दिवसभर पोरांनी टेंभरं आणि कैऱ्या खाल्ल्या. वस्तीतलं एक लहानगं थाळी वाजवत रडत होतं, त्याला काय सांगायचं? संध्याकाळी माझा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "माय, मले भूक नाई." असं म्हणणाऱ्या पोराबद्दल मी वर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंतच. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. जावं आणि माफी मागून यावी, असं अगदी ओठावर आलं. मान माझा होता आणि उपास पोरांचा होता, हे मला अजून टोचतं. तरीही ती पुरी मी पुन्हा परत पाठवीन. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला या वयातही घालता आलेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर बैलांची छपराची दमणी उभी राहिली. आत शेठची म्हातारी आई. विधवा, कडक सोवळ्याची, गावात तिला सगळे मोठ्या आई म्हणायचे. मागं एक बैलगाडी, तीत पोती. मुनीमजी बाजूला, तोंड एरंडेल प्याल्यासारखं.

म्हातारीनं दमणीतूनच विचारलं, "शिधा मागनारी तूच का वं?"

"हो, मीच."

"पोरं परान्न घेत नाईत म्हने?"

"कोनाच्या पानातलं घेत नाईत."

तिनं दमणीचा पडदा सारून मला न्याहाळलं. "मालक गेल्यापासून म्या परक्या हातचं पानी बी घेतलं नाई. पोटच्या पोरीच्या सासरी गेली तरी शिधा घेऊन स्वतः रांधते. नेम काय असते, थे मले कोनी शिकवू नये. लग्नघरातून नेमाचं मानूस उपाशी गेलं तं पाप माह्या घराले लागते." मग गाडीवानाला म्हणाली, "उतरव रे पोते. इथंच फाटकापाशी ठेव, आत जाऊ नको."

मुनीमजीला हायसं वाटलेलं दिसलं. माझ्या मागं पोरं उभी होती, दोन दिवसांची अर्धपोटी. दमणी पाहून धावत आलेले वकीलसाहेब डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होते.

"मोठ्या आई," मी म्हटलं, "शिधा रस्त्यावर ठेवत नाईत. देनाऱ्याच्या मानसानं चुलीपाशी आनून द्यावं लागते."

मुनीमजी ओरडलाच. म्हातारीनं हात वर करून त्याला थांबवलं. तिला राग आला होता, ते स्पष्ट दिसत होतं. पण रीत मी खरी सांगितली होती, आणि रीतीपुढं ती बाई स्वतःचंही ऐकणारी नव्हती.

"आत नेऊन ठेव," ती गाडीवानाला म्हणाली. "अन् तू जाय संगं, मुनीम. घरचं मानूस पायजे."

असे मुनीमजी गुळाची ढेप छातीशी धरून आमच्या चुलीपर्यंत आले. पोरांनी वाट करून दिली, हसली नाहीत. मी नंतर सुखदेवला शाबासकी दिली, कारण त्याला ते फार जड गेलं असणार.

ती म्हातारी सुधारक वगैरे नव्हती. तिची सावलीही तिनं आमच्या अंगणात पडू दिली नाही, आणि मी मरत असते तरी तिनं मला हात लावला नसता. ज्या सोवळ्यानं आम्हाला पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलं, तेच सोवळं मी तिच्या पुढ्यात ठेवलं, एवढंच. आभार मानायला मी गेले नाही. शिध्याचे आभार मानत नाहीत, आशीर्वाद देतात, आणि आशीर्वाद द्यायचं माझं वय नव्हतं. तिच्या घरून मात्र पुढं दर उन्हाळ्यात शिधा येत राहिला, आणि गावातल्या इतर मोठ्या घरांनाही मग मागं राहणं बरं दिसेना. मी असेपर्यंत त्या बोर्डिंगची चूल एकाही सुट्टीत विझली नाही. हे मी छाती पुढं काढून लिहिते आहे. नम्रपणा ज्यांना परवडतो त्यांनी करावा.

त्या दिवशी मी आधी सगळ्यांना थोड्या पातळ कण्या दिल्या आणि स्वयंपाक सावकाश केला. वरण, भात, आणि कणीक तुपात भाजून गुळाचा शिरा. या वेळी वरणात पाणी घातलं नाही. दुपारी पोरांना अंगणात निंबाखाली दोन ओळींत बसवलं. बोर्डिंगची आणि वस्तीतली, सगळी सरमिसळ. जैतूच्या शेजारी रखमाआजीचा नातू होता.

वाढायला वाकले तर फाटकाशी रखमाआजी दिसली. हातात जर्मनचं भांडं होतं. भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन, बाहेरच बसली होती.

"आजी, तिथं काहून बसली? आत ये."

"होऊ दे वं पोरायचं. पंगत उठली का मंग घेईन, जे राह्यलं थे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पळी पातेल्यात टाकली, बाहेर गेले, तिच्या हातातलं भांडं हिसकून घेतलं आणि दंडाला धरून तिला आत आणलं. "पयल्याच पंगतीत बसाचं. नाई तं मी कोनालेच वाढत नाई." जैतू सरकला, जागा झाली. आजी बसली खरी, पण तिला हात कुठं ठेवावे तेही कळेना. आयुष्यात ती कधी पहिल्या पंगतीला बसली नव्हती.

मी सगळ्यांच्या आधी तिच्या पानात शिरा वाढला, वर तूप सोडलं. तिनं बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग माझ्याकडं वर पाहून, अगदी हळू, पोरांनी ऐकू नये अशा आवाजात तिनं विचारलं,

"गोडाचं जेवन गरम रायते का वं, बाई?"